घरच्या संगणकाची राखण

“आमच्या कॉम्प्युटरमध्ये चोरण्यासारखं आहे तरी काय?” हा प्रश्न मी ठाण्यात, आमच्या नौपाड्यातल्या कितीतरी घरांत ऐकला आहे, आणि विचारणाऱ्याचा प्रामाणिकपणा मला दर वेळी जाणवला आहे. घरच्या संगणकावरून विजेचे बिल भरले जाते, त्यात नातवंडांचे फोटो असतात, सोसायटीचा जमाखर्च असतो, लग्नाच्या निमंत्रितांची यादी असते. परक्या माणसाला यात रस वाटावा असे काही नाही, हे अगदी खरे आहे. फक्त या प्रश्नात एक गोष्ट न बोलता धरून चाललेली असते, ती म्हणजे कोणीतरी घर हेरतो आणि मग त्यावर डोळा ठेवून येतो. इंटरनेटवर तसे क्वचितच घडते. तिथे जोडलेल्या यंत्रांना ओळखण्यासाठी जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही ४ चे, सुमारे ४२९ कोटी पत्ते आहेत, आणि २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी झेडमॅप नावाच्या साधनाने दाखवून दिले की वेगवान जोडणी असलेल्या एका संगणकावरून या सगळ्या पत्त्यांवर पाऊण तासाच्या आत एकेक टकटक करून येता येते. जिथे असे शक्य आहे तिथे घर निवडण्याचे कष्ट कोणीही घेत नाही. सगळ्यांचीच दारे ढकलून पाहायची आणि जे उघडेल तिथे शिरायचे, एवढेच काम असते, आणि तेही माणूस करत नाही, यंत्रे करतात.

आत शिरल्यावर काय मिळते, याचे उत्तरही गेल्या काही वर्षांत बदलले आहे. खंडणी मागणारे प्रोग्राम, म्हणजे रॅन्समवेअर, आपल्या फायली चोरून बाजारात विकण्याच्या भानगडीत पडलेच पाहिजे असे नाही. ते त्या फायली कुलूपबंद करून आपल्यालाच परत विकू पाहतात. त्यामुळे जगाच्या लेखी कवडीमोल असलेला नातवाच्या बारशाचा व्हिडिओ या धंद्यात मोलाचा ठरतो, कारण त्याची किंमत ठरवणारे आपणच असतो.

माझ्या जोडणीला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता आहे, आणि माझ्या राउटरमध्ये नाकारलेल्या प्रयत्नांची नोंद ठेवण्याची सोय आहे. ती नोंद एकदा तरी उघडून वाचावी असे मी उत्सुक माणसाला नेहमी सुचवतो. एका ओळीत वेळ असते, पलीकडचा पत्ता असतो, आपल्याकडच्या कोणत्या पोर्टवर, म्हणजे संगणकाच्या कोणत्या क्रमांकाच्या दारावर, टकटक झाली तो क्रमांक असतो आणि शेवटी ‘ड्रॉप’ असा शेरा असतो. घरात सगळे झोपलेले असताना, राउटरचा हिरवा दिवा शांतपणे लुकलुकत असताना, अशा ओळी एकाखाली एक जमत राहतात. पोर्ट २३, पोर्ट ४४५, पोर्ट ३३८९, पुन्हा २३. पहिला टेलनेटचा, म्हणजे दूरून यंत्र हाताळण्याच्या जुन्या पद्धतीचा. दुसरा विंडोजमध्ये फायली एकमेकांना देण्याघेण्याचा. तिसरा दूरून आपला पडदा उघडण्याचा. पत्ते देशोदेशींचे असतात, आणि त्यांतले पुष्कळसे गुन्हेगारांचे नसून आधीच बाधा झालेल्या, कोणातरी बेखबर गृहस्थाच्या यंत्रांचे असतात. ही यादी पाहिल्यावर “मला कोण कशाला त्रास देईल” हे वाक्य पुन्हा उच्चारणे अवघड जाते.

राउटरमध्ये आणि संगणकात दारावर पहारा देणारी फायरवॉल अशा टकटकींना कशी अडवते, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण बऱ्याच जणांची समजूत अशी असते की ती वाईट मजकूर ओळखून बाहेर ठेवते. घरगुती फायरवॉलचे मूळ काम त्याहून साधे आणि म्हणूनच खात्रीचे असते. इंटरनेटवरून येणारी प्रत्येक गोष्ट छोट्या छोट्या पॅकेटांत विभागून येते, आणि प्रत्येक पॅकेटवर पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि बहुतेक वेळा दोन्हीकडचे पोर्ट क्रमांक लिहिलेले असतात. हे क्रमांक ६५,५३५ पर्यंत जातात. आपण एखादे संकेतस्थळ उघडतो तेव्हा फायरवॉल स्वतःच्या तक्त्यात टिपून ठेवते की अमुक पोर्टवरून अमुक पत्त्याशी संवाद घरातून सुरू झाला आहे. त्या पत्त्याकडून त्याच संवादाचे उत्तर आले तर ते आत सोडले जाते. न मागता आलेले पॅकेट टाकून दिले जाते. सोसायटीच्या फाटकावर पार्सल घेऊन आलेल्या मुलाला वॉचमन वर सोडतो तो घरून “हो, आम्हीच मागवलंय” असे उत्तर आल्यावर. खोक्यात काय आहे हे तो उघडून पाहत नाही. फायरवॉलचे बळ आणि तिची मर्यादा या दोन्ही गोष्टी याच एका व्यवहारात आहेत.

या साधनाच्या इतिहासातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रसंग कुठल्याही नव्या शोधाचा नाही. ११ ऑगस्ट २००३ रोजी ब्लास्टर नावाचा वर्म, म्हणजे एका यंत्रातून दुसऱ्यात आपणहून शिरणारा प्रोग्राम, पसरू लागला. त्या काळात सायबर कॅफेत किंवा कार्यालयात विंडोज एक्सपीवर काम करणाऱ्यांना ती चौकट आठवत असेल, जी अचानक पडद्यावर येऊन साठ सेकंदांची उलटी गणती सुरू करत असे आणि गणती संपली की संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होत असे. कोणी काही डाउनलोड केलेले नसे, कोणती ईमेल उघडलेली नसे. संगणक इंटरनेटला जोडलेला असणे एवढेच पुरेसे होते, कारण हा वर्म पोर्ट १३५ वर थेट टकटक करून विंडोजच्या एका दोषातून आत येत असे. तो दोष दूर करणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने जुलैमध्येच दिली होती. त्याहून चटका लावणारी गोष्ट अशी की एक्सपीमध्ये फायरवॉल मुळातच होती, पण ती बंद ठेवून विकली जात होती. ती सुरू असती तर त्या पोर्टवर बाहेरून आलेले पॅकेट दारातच गळून पडले असते. पुढे ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीसाठी सर्व्हिस पॅक २ हा सुधारणांचा संच आला आणि त्यात ती आपणहून सुरू असलेली मिळू लागली. असंख्य घरांतले असंख्य संगणक एका बटणाच्या मूळ स्थितीमुळे सुरक्षित झाले, आणि त्यातल्या बहुतेक गृहस्थांना हे कळलेही नाही. घरगुती सुरक्षेबद्दल विचार करताना मी नेहमी इथून सुरुवात करतो: वस्तू हातात येते तेव्हा तिची मांडणी कशी असते, आणि ती कोणी ठरवलेली असते?

मात्र जे आपणच मागवले, ते फायरवॉल सोडणारच. ईमेलमधून उघडलेले बनावट बिल, फुकटच्या सॉफ्टवेअरसोबत आलेला पाहुणा आणि आपल्याकडचा सगळ्यांत ओळखीचा मार्ग म्हणजे पेनड्राइव्ह. ठाणे स्टेशनच्या परिसरातल्या झेरॉक्सच्या दुकानांत प्रवेशअर्जांच्या दिवसांत रांग लागलेली असते. प्रत्येकाचा पेनड्राइव्ह त्याच एका संगणकात लागतो, प्रिंट निघते, पेनड्राइव्ह परत मिळतो. घरी येऊन तो उघडला की आपले फोल्डर जागेवर दिसतात, पण प्रत्येकाच्या चिन्हावर कोपऱ्यात एक छोटा वाकडा बाण असतो. तो बाण म्हणजे शॉर्टकटची खूण. खरे फोल्डर लपवलेले असते, त्याच्या नावाचा एक शॉर्टकट पुढे मांडलेला असतो, आणि त्यावर क्लिक केले की आधी विषाणूचा प्रोग्राम चालतो व लगेच मागून खरे फोल्डरही उघडते. मार्कशीट दिसते, फोटो दिसतात, संशय यायला जागाच राहत नाही. या युक्तीत मला सगळ्यांत घातक वाटते ती तिची तत्परता, कारण ज्या कामासाठी क्लिक केले ते काम बिनबोभाट पार पडते. इथे फायरवॉल काहीही करू शकत नाही. पॅकेट आले नाही, पोर्ट वाजले नाही. आपल्याच हाताने आपल्याच घरात काहीतरी आणले गेले.

अँटिव्हायरसचे काम इथे सुरू होते. तो फाइल उघडण्याच्या किंवा लिहिण्याच्या क्षणी विंडोजसारख्या कार्यप्रणालीच्या अगदी खालच्या थरात मध्ये उभा राहतो आणि फाइल चालण्याआधी तपासतो. सर्वांत जुनी तपासणी ओळखीची: ज्ञात विषाणूंच्या खुणा साठवलेल्या असतात आणि त्यांच्याशी फाइल ताडून पाहिली जाते. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ब्रेन हा विषाणू फ्लॉपीवरून जगभर फिरला, तेव्हा ओळखायच्या खुणा हाताच्या बोटांवर मोजता येत होत्या. आपल्या महाराष्ट्रातली गोष्टही त्या सुरुवातीच्या दशकातलीच आहे. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानातून पुढे आलेले कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय यांनी जे अँटिव्हायरस तयार केले, ते पुढे क्विक हील या नावाने घरोघरी पोहोचले. दुरुस्तीच्या टेबलावर रोज बिघडलेली यंत्रे येत असतील तर कोणता विषाणू गावात फिरतो आहे हे सर्वांत आधी तिथेच कळणार, आणि त्यावरचे औषधही तिथूनच निघावे, हे मला फार स्वाभाविक वाटते.

आज मात्र नुसत्या खुणांवर भागत नाही. एव्ही-टेस्ट ही जर्मन संस्था रोज साडेचार लाखांहून अधिक नव्या घातक किंवा नकोशा प्रोग्रामांची नोंद करते, आणि त्यातले कित्येक म्हणजे जुन्याच प्रोग्रामचे वरवर बदललेले अवतार असतात. म्हणून अँटिव्हायरस आता फाइलची ठेवण पाहतो, संशय आला तर ती आधी बंदिस्त जागेत चालवून पाहतो, कंपनीच्या सर्व्हरला विचारतो की ही फाइल आणखी कोणाकडे दिसली आहे का, आणि चालू असलेल्या प्रोग्रामांच्या वागण्यावरही नजर ठेवतो. एखादा अनोळखी प्रोग्राम भराभर शेकडो कागदपत्रे नव्याने लिहू लागला, तर त्याचे नाव ठाऊक नसले तरी त्याचा हेतू ओळखता येतो. यातली प्रत्येक पद्धत कधी ना कधी चुकते. निरपराध फाइल पकडली जाते आणि नवा विषाणू निसटतो. म्हणूनच पकडलेली फाइल लगेच पुसून न टाकता क्वारंटाइनमध्ये ठेवली जाते, जेणेकरून निवाडा चुकला असेल तर ती परत आणता यावी.

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षक राहतात; इमारतीत सगळे त्यांना सरच म्हणतात. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांत आयुष्य घालवलेल्या माणसांच्या आठवणी ते ध्वनिमुद्रित करतात आणि संध्याकाळी बसून त्या उतरवून काढतात. एकदा त्यांनी मला विचारले, “अहो, हा अँटिव्हायरस खरंच जागा आहे, की नुसतं हिरवं चिन्ह दाखवतोय, हे कळायचं कसं?” मला हा प्रश्न फार आवडला, कारण त्याला सरळ उत्तर आहे. युरोपातील अँटिव्हायरस संशोधकांच्या आयकार या संस्थेने बरोबर ६८ अक्षरांची एक ओळ ठरवून दिलेली आहे. तिच्यात अपाय करण्यासारखे काहीही नाही, पण जगातल्या सगळ्या प्रमुख अँटिव्हायरसनी ती दिसताच विषाणू समजून पकडायची, असा संकेत आहे. आम्ही ती ओळ नोटपॅडमध्ये जशीच्या तशी घेतली आणि फाइल डेस्कटॉपवर जतन केली. फाइलचे चिन्ह क्षणभर उमटले आणि नाहीसे झाले; उजवीकडे खाली सूचना आली की धोका आढळला असून कारवाई केली आहे. सरांनी चष्मा वर सरकवून ती सूचना दोनदा वाचली आणि म्हणाले, “पुन्हा करा बघू.” आम्ही पुन्हा केले.

या दोन रखवालदारांपलीकडे काय उरते, हे आपल्या अगदी जवळ, न्हावा-शेव्याला दिसले होते. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा हल्ला सुरू झाला आणि जवाहरलाल नेहरू बंदरातले मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचे टर्मिनल त्यात सापडले. तिथले काम हाताने चालवावे लागले. हा प्रोग्राम युक्रेनमध्ये वापरल्या जाणाऱ्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून आला होता, म्हणजे ज्याला आत सोडायचेच असते अशा वाटेने. शिवाय तो एका यंत्रात शिरला की त्याच्या स्मृतीतले पासवर्ड उचलून शेजारच्या यंत्रांत जात असे, त्यामुळे सगळ्या दुरुस्त्या बसवलेले संगणकही त्याला बळी पडले. मर्स्कच्या जगभरच्या जाळ्याची जी मूळ माहिती पुसली गेली, तिची एक प्रत घानातल्या कार्यालयातील सर्व्हरवर वाचली, आणि ती वाचली याचे कारण असे की हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेलेली असल्याने तो सर्व्हर जाळ्यापासून तुटलेला होता. एवढ्या मोठ्या कंपनीला तारणारी गोष्ट म्हणजे जोडणीबाहेर राहिलेली एक प्रत. त्या प्रतीची सोय घरी विकत घेता येते. तिला एक्स्टर्नल हार्ड डिस्क म्हणतात, आणि तिची केबल प्रत काढून झाल्यावर काढून ठेवायची असते, कारण जोडलेली राहिली तर खंडणीखोर प्रोग्राम तिलाही तितक्याच सहज कुलूप लावतो. सरांच्या ध्वनिफितींची अशी प्रत आता त्यांच्या कपाटात आहे, आणि त्यांच्या विंडोजमधली ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ ही सोयही सुरू केलेली आहे. अनोळखी प्रोग्रामला ठरावीक फोल्डरांत लिहू न देणारी ही सोय २०१७ पासून विंडोजमध्ये आहे, परंतु ती मुळात बंद असते. पुन्हा तीच २००३ ची गोष्ट.

फसवणुकीचा एक प्रकार या सगळ्या यंत्रणेला वळसा घालून येतो, कारण तो यंत्राशी बोलतच नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या ज्या कॉल सेंटरांवर छापे घातले, तिथून करखात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करून अमेरिकेतल्या लोकांना धमकावले जात होते. आज तेच तंत्र आपल्याकडे “तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडलाय” असे सांगत येते आणि दूरून पडदा हाताळण्याचे अ‍ॅप आपल्याच हाताने बसवून घेते. ते अ‍ॅप विषाणू नसते, संवाद घरातूनच सुरू झालेला असतो, म्हणून फायरवॉल आणि अँटिव्हायरस दोघेही गप्प राहतात. अँटिव्हायरस कधीही फोन करत नाही, एवढे घरातल्या प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाला सांगून ठेवावे, आणि पैसे गेलेच तर क्षणभरही न थांबता १९३० या क्रमांकावर कळवावे.

विकतचा अँटिव्हायरस घ्यावा का, असे मला विचारतात तेव्हा माझे मत मी स्पष्ट सांगतो. विंडोजसोबत २०१२ पासून येणारा डिफेंडर सर्वसाधारण घरासाठी पुरेसा आहे. ज्यांना आणखी सोयी हव्यात त्यांनी एखादा नावाजलेला अँटिव्हायरस जरूर घ्यावा, पण कायम पहारा देणारे दोन एकत्र बसवू नयेत, कारण एकाच फायलीवर दोघे झडप घालतात आणि संगणक रखडतो. त्या पैशापेक्षा मला कार्यप्रणाली अद्ययावत असण्याची काळजी अधिक वाटते. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नोंदणी केल्यास सुरक्षेच्या दुरुस्त्या आणखी एक वर्ष मिळतात, पण आमच्या भागातल्या कित्येक घरांत ही नोंदणी झालेली नाही. ज्या यंत्रातली भोके बुजवली जात नाहीत, त्याच्या दाराशी कितीही चांगला अँटिव्हायरस बसवला तरी त्याचे काम दिवसेंदिवस अवघड होत जाते.

आणि मग राउटर. नवे पत्ते, म्हणजे आयपीव्ही ६, आल्यापासून घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळू शकतो, त्यामुळे एका पत्त्याआड सगळे घर लपण्याचा जुना फायदा तिथे उरत नाही आणि राउटरमधली फायरवॉल खरोखर सुरू आहे ना, हे पाहणे आवश्यक ठरते. जोडणी बसवायला येणारा मुलगा पंधरा मिनिटांत काम उरकतो आणि राउटरचा प्रशासकीय पासवर्ड कारखान्यातून आला तसाच राहतो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रामने अशाच, मूळ पासवर्ड न बदललेल्या राउटरांची आणि कॅमेऱ्यांची फौज उभी केली होती. माझ्या नोंदीतल्या पोर्ट २३ वरच्या टकटकी त्याच कुळातल्या प्रोग्रामांना शोभणाऱ्या आहेत. घरातला एखादा कॅमेरा असा बाधित झाला की तो राउटरच्या आतूनच संगणकावर टकटक करू शकतो, आणि तेव्हा उपयोगी पडते ती संगणकाची स्वतःची फायरवॉल, तीही आपण त्या जाळ्याला ‘पब्लिक’ म्हटले आहे की ‘प्रायव्हेट’, त्याप्रमाणे कमी-अधिक कडक. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून सगळ्यांना सारखाच मूळ पासवर्ड देऊन अशी उपकरणे विकण्यास कायद्याने मनाई केली आहे. तो कायदा तिकडचा आहे. आमच्या इमारतीचा सीसीटीव्ही रेकॉर्डर मात्र परवापर्यंत कारखान्यातल्याच पासवर्डवर चालत होता, आणि घरी बसून फाटक पाहता यावे म्हणून त्याचा एक पोर्ट राउटरमधून बाहेर उघडून दिलेला होता. मी सर्वसाधारण सभेत हा विषय मांडला तेव्हा खजिनदारांनी खर्च किती येईल असे विचारले, आणि काही नाही हे कळल्यावर चर्चा तिथेच संपली. पासवर्ड त्याच आठवड्यात बदलला. उघडलेला पोर्ट बंद करून कॅमेरे पाहण्याची दुसरी सोय बसवणाऱ्याकडून करून घ्यायची आहे, आणि त्यासाठीचे पत्र मी सचिवांकडे दिले आहे.